जहाननुमा पार्कातलं कोरियन गाजर

२८ एप्रिल
वही आजपासून. नियम तीन. रोज लिहायचं. खरं लिहायचं. सौदतला दाखवायचं नाही. (बायको आहे, पण बत्तीस वर्षांत तिने माझा एकही बेत हसल्याशिवाय ऐकलेला नाही.)

आज पार्काच्या ऑफिसात चिठ्ठ्या निघाल्या. यंदा तळ्याकाठी ‘जगाची गल्ली’ उघडतेय. आठ स्टॉल, आठ देश. उपसंचालक नुरिद्दीन शोकिरोविच यांनी डोक्यावरची टोपी काढून उलटी धरली, आम्ही एकेकाने हात घातला. मला कोरिया!

आता याला काय म्हणायचं? माझा आयबेक सहा वर्षं कोरियात आहे, प्लास्टिकच्या कारखान्यात. आठ देशांतून नेमका तोच बापाच्या हाती यावा!

शेजारचा ‘उझबेकिस्तान’ ल्युदमिला खेगाय यांना मिळाला. त्या इथल्याच, ताश्कंदच्या कोरियन; सरकारने त्यांच्या आजोबांना देशाच्या दुसऱ्या टोकाहून आगगाडीत भरून इकडे आणून सोडलं तेव्हापासूनच्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, म्हणून ओपा (ताई) म्हणावं लागतं, जसं मला लोक आका (दादा) म्हणतात. लगेच जवळ येऊन म्हणाल्या, “एर्गाशजान, तू जन्मभर लग्नांचा पुलाव केलास, मी जन्मभर कोरियन जेवण. ही टोपी बावळट आहे. चल, चिठ्ठ्या बदलू.”

मी म्हटलं, नशिबाने हातात दिलेलं बदलत नसतात. ओपा म्हणाल्या, “नशिबाने नाही रे, नुरिद्दीनने.”

सीझनअखेर जो पहिला येईल त्याला बारमाही स्टॉल. मग आयबेक परत. बाप-लेकाचा स्टॉल. त्याला अजून कळवलेलं नाही. नंबर आला की एकदम कळवायचं.

३० एप्रिल
मेनू ठरला. मुख्य पदार्थ: कोरियन गाजर. लांब कापलेलं, लसूण, धने, तिखट, सिरका. या शहरात लग्न असो, बारसं असो, टेबलावर कोरियन गाजर नाही असं झालंय का? आणि गाजर कापण्यात माझा हात कोण धरणार! एकतीस वर्षांत पुलावासाठी मी जेवढं गाजर कापलंय ते एकापुढे एक ठेवलं तर कोरिया येईल.

दुसरा पदार्थ: काडीवर तळलेलं सॉसेज. आयबेकने फोटो पाठवला होता. माझी सुधारणा: पिठात मेंढीच्या शेपटीची चरबी.

आवडत्या पदार्थाला मत कसं द्यायचं? तिकिटाबरोबर प्रत्येकाला जर्दाळूची एक बी. जो पदार्थ आवडला त्या स्टॉलच्या बरणीत टाकायची. कल्पना नुरिद्दीन शोकिरोविच यांची. बी भाजलेली, खारवलेली आहे. ताश्कंदच्या माणसाच्या हातात खारी बी द्यायची आणि ती बरणीपर्यंत पोहोचेल म्हणायचं! पण आपण काही बोललो नाही. साहेब आहेत.

१ मे
उद्घाटन. गर्दी. माझ्या बरणीत ९ बिया. ओपांची अर्धी बरणी. कारण उघड आहे: त्यांचा स्टॉल आकाशपाळण्याकडून येताना आधी लागतो.

२ मे
काल ९ होत्या, सकाळी ६. तीन मीच खाल्ल्या असाव्यात. विचार करताना हात चालतो. उद्यापासून बरणी लांब ठेवायची.

९ मे
काडीवरचं सॉसेज. एक बाई म्हणाली, “आका, हे गरम असताना मेणबत्तीसारखं गळतंय हो.” चरबी आहे, गळणारच. लोकांना सवय नाही. मेनूतून तात्पुरतं काढलं.

१९ मे
चहावरून कटकट. जेवणाबरोबर हिरवा चहा फुकट देतो. एका जर्मन बाईने पियाला उलटा करून दाखवला आणि गाइडकरवी विचारलं की उरलेल्या चहाचे वेगळे पैसे पडतात का. मी समजावलं: दोनच घोट ओततो, कारण परत परत ओतायला मिळावं. थोडा चहा म्हणजे बसा, तुम्ही आम्हाला हवे आहात. काठोकाठ म्हणजे आता निघा. बाईने मान डोलावली आणि पियाला पुन्हा पुढे केला.

निश्चय: स्टॉल आंतरराष्ट्रीय, तर चहाही आंतरराष्ट्रीय. आजपासून सगळ्यांना काठोकाठ. हाताला वळण लावायचं.

४ जून
ओपांचा पुलाव गिचका होतोय. विचारायला आल्या. मी तांदूळ, पाणी, आच सगळं सांगितलं. दोन तास बोललो. फार बरं वाटलं. माझी खास युक्ती मात्र सांगितली नाही.

५ जून
युक्तीही सांगितली. त्या विचारत नव्हत्या, पण विषय निघाला.

११ जून
त्यांच्या स्टॉलपुढे रांग कारंज्यापर्यंत. वास माझ्या पुलावाचा येतो. मी वाऱ्याच्या उलट्या बाजूला तोंड करून गाजर कापतो.

ओपा डबा घेऊन आल्या. “चाखून सांग, मीठ बरोबर आहे ना?” बरोबर होतं. मी म्हटलं, किंचित कमी आहे.

१२ जुलै
आज मोठा दिवस. सकाळी कळलं, खुद्द कोरियाचे बावीस पर्यटक येणार. पांढरा शर्ट घातला. गाजराचा डोंगर रचला, वर कोथिंबीर. मनात म्हटलं, बावीस बिया एका दमात, एर्गाश!

आले. बोर्ड वाचला. आपसांत बोलले. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाइडकरवी अतिशय अदबीने विचारलं, “हे गाजर कुठल्या देशाचं?”

मी म्हटलं, तुमच्याच.

त्यांनी फोटो काढले. खाल्लं. छान आहे म्हणाले. असं आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं, असंही म्हणाले. मग शेजारी जाऊन पुलाव खाल्ला आणि वीस बिया तिकडे टाकल्या. दोघांनी बी खाल्ली. ते दोघे मला आवडले.

माझा अंदाज: कोरिया मोठा देश आहे, हे गाजर नसलेल्या भागातले असणार.

ओपांना जाऊन विचारलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना तांदळाच्या पोत्यावर बसावं लागलं. “अरे, कोरियात हे कुणी खात नाही! आमच्या आज्यांना इथे लोणच्यासाठी त्यांचा कोबी मिळेना, म्हणून त्यांनी गाजर घेतलं. हे इथलंच आहे, तुझ्या-माझ्या गावचं.”

मी म्हटलं, आधी का नाही सांगितलं?

म्हणाल्या, “तू कधी विचारलंस? तू तर मला पुलाव शिकवत होतास.”

१३ जुलै
आयबेकला फोन केला. सहज विचारतोय असं दाखवून गाजराचं विचारलं. तो म्हणाला, “इथे कुठेच नाही, बाबा. आल्या आल्या मी कँटीनमध्ये मागितलं होतं. सगळी लाइन हसली.” मग म्हणाला, “खावंसं मात्र वाटतं कधी कधी.”

पुढे म्हणाला, वीस ऑगस्टला नव्या कराराची सही आहे, आणखी चार वर्षांची. “करू का?”

मी म्हटलं, थांब. मोठी बातमी येतेय.

कुठून येतेय ते त्याने विचारलं नाही. हा त्याचा चांगुलपणा.

१४ जुलै
बोर्डवरचं ‘कोरियन’ पुसावं का? मग उरतं नुसतं ‘गाजर’. राहू दे.

५ ऑगस्ट
उन्हाचा कहर. दुपारी नुरिद्दीन शोकिरोविच स्वतः आले. एकटे. टोपी काढून स्टूल ओढून बसले. म्हणाले, “एर्गाश आका, बारमाही स्टॉल एक नाही, दोन ठेवायचा विचार आहे. बिया-बिया जाऊ द्या हो, लोक खातातच त्या. तुम्ही जुने माणूस. जरा निवांत बोलू.”

मी चहा दिला. त्यांनी पियाल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आदराने छातीवर हात ठेवला, उठले, “बरं आहे, येतो,” म्हणाले आणि गेले. चहाला तोंडही लावलं नाही.

भेट उत्तम झाली. बोलणं थोडक्यात आटपलं, पण मोठ्या माणसांना वेळ कुठे असतो? दोन स्टॉल! आयबेकला आजच कळवावं का?

त्याच दिवशी, जेवताना
सौदतने चहा ओतला. दोन घोट. पियाल्याचा रिकामा काठ बघितला आणि मी हातातला घास खाली ठेवला.

मी त्यांना काठोकाठ भरून दिला होता. अडीच महिने हाताला लावलेलं वळण. पार्काचा उपसंचालक माझ्या दारात बसला आणि मी त्याला चालता हो म्हटलं.

सौदतला सांगितलं. पहिल्यांदाच ती हसली नाही. त्यामुळे जास्त घाबरलो.

६ ऑगस्ट
माफी मागायला ऑफिसात गेलो. ते म्हणाले, “छे हो, आका, तुम्ही कामात होतात.” इतक्या गोड आवाजात म्हणाले की मला बसताही येईना. सेक्रेटरीने चहा आणला. काठोकाठ होता. ती नवी मुलगी आहे, तिला बहुधा माहीत नसावं.

१९ ऑगस्ट
आयबेकचा मेसेज: “बाबा, बातमी आली का?” मी लिहिलं: मोजणी चालू आहे.

दिवसअखेर बरणीत ४.

२० ऑगस्ट
त्याने सही केली. सप्टेंबरात दहा दिवसांसाठी येतोय. सौदत खूश आहे, दहा दिवस म्हणजे तिला फार वाटतात. मीही खूश आहे. दहा दिवसांत त्याचं मन वळवता येईल. करार काय, कागदच असतो. मला काही फरक पडत नाही.

पडतो.

२४ सप्टेंबर
निकाल फाटकावर लागला: ‘जहाननुमाचे सर्वांत आवडते पदार्थ’. पहिला, पुलाव, ल्युदमिला खेगाय. लिंबू सरबताच्या मशीनला बरणी नव्हती, तरी लोकांनी त्याच्या डोक्यावर बिया ठेवल्या, म्हणून त्यालाही यादीत घेतलंय. ते सातवं. म्हणजे स्टॉल आठ आणि माझा नंबर नववा.

ओपा आल्या. म्हणाल्या, “दुसरा स्टॉल रद्द झाला असं ऐकलं. माझ्याकडे ये. हिवाळ्यात मोठी कढई माझ्याने उचलत नाही. पुलाव तुझाच आहे, मला काय ठाऊक नाही?” मी म्हटलं, विचार करून सांगतो. एवढ्या मानाने बोलल्या की नाही म्हणायला जागा ठेवली नाही, म्हणून राग आला.

२५ सप्टेंबर
आयबेक आला. बारीक झालाय. एका हाताचं बोट वाकत नाही, यंत्रात सापडलं होतं म्हणे, फोनवर कधी बोलला नाही. आम्ही दोघेही मोठ्या बातम्या लपवण्यात पटाईत निघालो.

२७ सप्टेंबर
त्याला स्टॉलवर नेलं. उभ्या उभ्या दोन प्लेटी गाजर खाल्लं. मग तिकिटाबरोबर मिळालेली बी खिशातून काढून माझ्या बरणीत टाकली. मी म्हटलं, निकाल लागून गेला रे. म्हणाला, “मला माहितीय.”

मन वळवायचा मुद्दा आज काढणार होतो. उद्या काढतो.

३ ऑक्टोबर
मन वळवणं आजही राहिलं. ओपांना हो कळवलं. मी विचार करत बसलो तोवर त्यांनी कढईला दुसरा माणूस ठरवलाय. मी गाजर कापायचं.

५ ऑक्टोबर, सकाळ
विमान अकराचं. बॅगा दारात. त्याला द्यायचा गाजराचा डबा वर ठेवलेला.

सौदत चहा ओतत होती. दोन दोन घोट. तो प्यायचा, ती ओतायची. सात पियाले मोजले. बाहेर टॅक्सीने हॉर्न दिला. तिने आठवा ओतला, तोही दोनच घोट. तो प्यायला आणि बसून राहिला. आई ओततेय तोवर उठायचं कसं? घड्याळाकडे बघत नव्हता. मी बघत होतो.

मग मी सौदतच्या हातून किटली घेतली आणि त्याचा पियाला भरला. काठोकाठ.

त्याने पियाल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. छातीवर हात ठेवला आणि उठला.

तो गेल्यावर सौदत म्हणाली, “भरायला एवढं चांगलं जमतं तुम्हाला.” नंतर आत गेली.

पियाला तसाच होता. मी प्यायलो. गार झाला होता.