उकंडाबाबांचा सोमवार

यवतमाळ,
२४ ऑगस्ट २०२५

ती. इंदूआत्यास,
रुपालीचा सप्रेम जयभीम. पत्रास कारण तुझीच आज्ञा. फोनवर माणूस जेवलीस का, झोपलीस का याच्या पुढे जात नाही, असं म्हणून मी निघताना तू पाकिटं नि तिकिटं माझ्या बॅगेत कोंबलीस. तेव्हा आता वाच.

बी.ए.ला आम्हाला कॉम्प्युटरचा विषय आहे. पहिल्या दिवशी सरांनी फाइल उघडायला सांगितली. मी आपली मोबाईलसारखी पडद्यावर बोट दाबत बसले. उघडेना, म्हणून आणखी जोरात दाबलं. मागच्या मुली इतक्या हसल्या की सरांना तास थांबवावा लागला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हाच ठरवलं, लॅबमध्ये कितीही अडलं तरी कुणाला विचारायचं नाही. शेजारणीचं बघायचं आणि करायचं. तसं बघत बघत आता अर्ज टाइप करता येतो, तक्ताही आखता येतो.

डोळ्यांच्या शिबिराची तुझी यादी गावाहून येताना संघदीपदादाने आणून दिली होती, ती छापून पाठवते आहे. एकतीस नावं आणि प्रत्येकासमोर ऑपरेशनचा दिवस. तुझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेलेली. मी नावं अ पासून ओळीने लावली, कुणाचंही नाव चटकन सापडेल. सरांनी वर्गात दाखवली. तुझ्या वहीचं पान माझ्याकडेच ठेवते.

घरी सगळ्यांना जयभीम सांग. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
रुपाली

राळेगाव तालुक्यातून, गाव आपलंच,
३१ ऑगस्ट २०२५

चि. रुपालीस,
आत्याचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. यादी मिळाली. वर्षावासाचं वाचन झाल्यावर मी ती विहारात सगळ्यांना वाचून दाखवली आणि भिंतीवर चिकटवली. बारा वर्षं आशाताईचं काम करते आहे, पण कागद इतका देखणा कधी झाला नव्हता. तुझा बाप तर त्या यादीसमोरून उगाचच चारदा गेला.

उकंडाबाबांना फार घाई झाली आहे. तीस वर्षं वर्षावासात पावसाळाभर विहारात धम्मग्रंथ तेच वाचत आले, यंदा अक्षर दिसत नाही म्हणून संघदीप वाचतो. डोळा झाला की शेवटची प्रकरणं तरी आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपायच्या आत स्वतः वाचीन म्हणतात. त्यांचा दिवस मला सोमवार वाटत होता, यादीत शुक्रवार निघाला. दवाखान्यातून तारखा फोनवर सांगितल्या होत्या, माझ्याच लक्षात राहिलं नसेल. छापलेलं कशाला चुकेल?

केसांना तेल लावत जा. शहरात गेलं म्हणून डोक्याचा झाडू करू नये.
तुझी,
आत्या

१४ सप्टेंबर २०२५

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद. तुला कळवू नये असं वाटत होतं, पण संघदीप येऊन सांगेलच.

यादीतले दिवस चुकले. सोमवारी मी दहा जणांना घेऊन गेले, त्यातल्या सात जणांचा तो दिवसच नव्हता. ज्यांचा होता ते गावात बसून राहिले आणि त्यांच्या जागा दुसऱ्या गावांना गेल्या. मग दवाखान्यात हातापाया पडून बाकीच्यांचं जमेल तसं करून घेतलं. उकंडाबाबांचा दिवस सोमवारच होता. शुक्रवारी जागा नाही म्हणून त्यांना परत पाठवलं, पुढचं शिबिर दिवाळीनंतर. येताना गाडीत त्यांनी आपली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल वाचनानंतर मी विहारात उभी राहिले आणि चूक माझी म्हणून सगळ्यांची माफी मागितली. हंसाबाई सगळ्यांसमोर म्हणाली की तुले लिहिता येत नाही तं आशा कायले झाली. आरोग्य केंद्रातल्या मॅडमकडे दुसरी बाई नेमा म्हणून अर्ज जाणार आहे म्हणतात.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू बिचारी मी लिहिलं तेच छापणार. फक्त माझं ते पान पाठव. मी कुठे चुकले ते मला बघायचं आहे.
तुझी,
आत्या

यवतमाळ,
१९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. पत्र वाचून वाईट वाटलं. इकडे चाचणी परीक्षा आहे, मेसचं जेवण बरं आहे, पावसाने कपडे वाळत नाहीत. ते पान शोधलं, पण सापडत नाही. खोली बदलली तेव्हा गेलं असेल. तू तब्येतीला जप. गडबडीत आहे, म्हणून थोडक्यात आटोपते.
तुझी,
रुपाली

यवतमाळ,
२५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
जयभीम. पान सोबत पाठवते आहे. ते हरवलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ते काढून यादीशी ताडून पाहिलं. तुझ्या पानावर एकही चूक नाही, आत्या. उकंडाबाबांसमोर तू सोमवारच लिहिला आहेस.

नावं ओळीने लावताना मी फक्त नावांचा रकाना निवडला होता. तेव्हा कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. शेजारचा रकानाही सोबत हलवायचा का, असा त्याचा अर्थ होता हे मला आता कळतं. तेव्हा अर्धंच समजलं. सर दोन पावलांवर उभे होते. पण हात वर केला असता तर त्या मुली पुन्हा हसल्या असत्या. मला वाटलं नावंच लावायची आहेत, बाकीचं कशाला हलवा, आणि तसंच दाबलं. नावं हलली, दिवस जागच्या जागी राहिले. एकाचा सोमवार दुसऱ्याला गेला.

ही चूक एक वेळ सांगता आली असती. पण तू माझ्यासाठी भरविहारात मान खाली घालून उभी राहिलीस आणि हे वाचूनही मी पान हरवलं म्हणून लिहिलं. आठ दिवस मला ताटातलं अन्न गोड लागलेलं नाही. लॅबमध्ये सर अजून तुझ्या यादीचं उदाहरण देतात, तेव्हा मी खाली बघते. मला माझीच किळस येते.

हे पत्र तू विहारात वाचून दाखव. मला गावात तोंड दाखवायची हिंमत नाही, दिवाळीलाही येणार नाही.
तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
रुपाली

३० सप्टेंबर २०२५

चि. रुपालीस,
आत्याचा जयभीम. पत्र दोनदा वाचलं. रकान्यांचं मला काही वाटलं नाही, नवीन हात आहे, चुकतो. पण पान सापडत नाही असं तू लिहिलंस तेव्हा मी दोन दिवस बारा वर्षांची रजिस्टरं काढून बसले होते, आणखी कुठे कुठे चुकले असेन ते शोधत. त्याचा मला राग आला आहे आणि तो लवकर उतरणार नाही.

पत्र मी विहारात वाचणार नाही. मी माझ्या तोंडाने बोलले, तू तुझ्या तोंडाने बोल.

उकंडाबाबांना मात्र सांगितलं, कारण डोळा त्यांचा आहे. त्यांनी एवढंच विचारलं की पोरीले समजलं नव्हतं तं तिनं विचारलं काहून नाही. मी म्हटलं, हसतील म्हणून. तेव्हा ते म्हणाले की मी तीस वर्षं ग्रंथ वाचून राह्यलो, त्यातले कितीक शब्द मले समजले नाही, अन् कोणालेच विचारलं नाही. लोक समजत, बाबा वाचते म्हणजे बाबाले समजते.

काल वाचनात संघदीप एक अवघड शब्द तसाच वाचून पुढे गेला. बाबांनी भरसभेत हात वर केला आणि त्याला थांबवून त्या शब्दाचा अर्थ विचारला. संघदीपला येत नव्हता. मलाही नाही. विहारातल्या कुणालाच येत नव्हता. दोघं-तिघं हसले. बाबांनी हात खाली घेतला नाही. मग संघदीपने तो शब्द वहीत लिहून घेतला, उद्या विचारून येतो म्हणाला, तेव्हा कुठे बाबांनी हात खाली घेतला.

शनिवारी दुपारच्या एस.टी.ने ये. वाचन संपलं की उभी राहा. हंसाबाई बोलेल, बोलू दे. मी तुझ्या बाजूला उभी राहणार नाही, पण पहिल्या रांगेत बसेन, तुला दिसेन अशी.

लोभ आहेच. राग जाईपर्यंत झाकून ठेवला आहे.
तुझी,
इंदूआत्या