यांना घरी आणताना गाडी बंद पडली

कॉव्हेंट्री, रविवार

आदरणीय धम्मशीलाताईंना,

गिरिजाचा सविनय जयभीम. नागपुरात ऊन तापलं असेल, तेव्हा दुपारी विहारात पायी जाऊ नका. गुडघ्यांनी ऐकलं तरी बीपी ऐकणार नाही. माझी तब्येत बरी आहे. जेवते. (फोनवर तुम्ही पहिलं हेच विचारता, म्हणून आधीच लिहिलं.) तुमच्या भावाच्या अस्थी घरी आल्या. त्या दिवशी फोन का उचलला नाही ते सांगायला हे पत्र, कारण फोनवर तुम्ही मधेच रडता, मग मी तुमची समजूत काढत बसते आणि सांगायचं राहून जातं.

तर, गाडी हिवाळ्यापासूनच कुरकुरत होती. चढावर गचके द्यायची, सकाळी चालू व्हायला वेळ लावायची. हे हॉस्पिटलमध्ये असताना तिच्याकडे कोण बघणार? हे गेल्यावर शेजारच्या अजयने मनावर घेतलं. अजय पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, स्वभावाने फार चांगला. त्याने आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले, आणि दोन्ही वेळा ‘आता प्रश्नच नाही काकू’ असं छातीठोकपणे सांगितलं. आर्या केंब्रिजहून म्हणाली, “मम्मी, तो गाडी विकून टाक.” (इथे वाढलेल्या तुमच्या भाचीला गाडी बाई की बाप्या हे अजून उमगत नाही, पण ती विकायची हे पक्कं उमगतं.)

अशात केनिलवर्थच्या फ्युनरलवाल्यांचा फोन आला, अस्थी तयार आहेत. आर्या वीकेंडला येणार होती, पण तोवर यांना अनोळखी कपाटात ठेवणं मला जमेना. एकटीच गेले. त्यांनी मरून रंगाची प्लॅस्टिकची बरणी कागदी पिशवीत घालून हातात दिली. धरायला बंद असलेली पिशवी, दुकानातून काहीतरी घेतल्यासारखी. मी ती पुढच्या सीटवर ठेवली, तर सीटबेल्टची पिंगपिंग सुरू झाली. म्हणून बेल्ट लावला. (हयात असताना यांना बेल्टसाठी किती बोलावं लागायचं, तुम्ही पाहिलंय.)

ए-फॉर्टीसिक्स हायवेवर गाडीचा जोर एकदम गेला. अॅक्सिलरेटर दाबतेय आणि ती मंदावतेय. कशीबशी कडेला घेतली तेवढ्यात बंद. ट्रक गेला की आख्खी गाडी हलायची. बंद गाड्या दुरुस्त करणाऱ्या ब्रेकडाऊनवाल्यांना फोन लावला. तिकडच्या मुलीने विचारलं, गाडीत किती जण आहात? माझ्या तोंडून ‘दोघं’ निघून गेलं. ती म्हणाली, दोघांनीही लगेच बाहेर पडा आणि बॅरियरच्या पलीकडे थांबा. म्हणून यांनाही काढलं. भुरभुर पाऊस होता. ओल्या गवतात बसून पिशवीवर कोटाचं टोक ओढलं आणि तिथेच ठरवलं, ताई म्हणतात ते खरं, गाडी विकायची, घर विकायचं आणि नागपूर गाठायचं. परक्या देशात रस्त्याच्या कडेला नवऱ्याला मांडीवर घेऊन बसायचं ते कोणाच्या भरवशावर?

मग सारा आली. ब्रेकडाऊनची, नारिंगी जॅकेटवाली, आर्याच्याच वयाची. आल्या आल्या तिने दुसरा माणूस कुठे म्हणून विचारलं. मी पिशवी थोडी वर केली. मला वाटलं, आता ‘सॉरी फॉर युअर लॉस’ येणार. सगळे तेच म्हणतात. पण ती म्हणाली, “त्यांना माझ्या व्हॅनमध्ये ठेवू या का? तिथे कोरडं आहे.”

हे गेल्यापासून यांची सोय-गैरसोय विचारणारी ती पहिलीच, ताई.

सारानेही आधी फ्यूज तपासला, तो ठीक निघाला. मग मला किल्ली फिरवायला लावून स्वतः मागच्या सीटला कान लावला. तिथून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची बारीक गुणगुण यायला हवी, ती येतच नव्हती. ‘बघू, चाललं तर चाललं’ म्हणत ती गाडीखाली सरपटली आणि रबरी हातोड्याने पेट्रोलच्या टाकीला खालून ठोकायला लागली. तिने ठोकायचं, मी किल्ली फिरवायची. गाडी चालू झाली. पंप शेवटच्या घटका मोजतोय, घरापर्यंत कदाचित पोचवेल, मधे बंद करू नका, असं सांगून ती घरापर्यंत माझ्या मागे व्हॅन चालवत आली. हे तिच्याच व्हॅनमधून आले. घरी परतताना गाडीत मी एकटीच होते.

पंप अजयनेच बदलला. चूक मान्य केली नाही, पण यूट्यूब मन लावून पाहिलं. बॅटरीची वायर काढली, चारही दारं उघडी ठेवली आणि पेट्रोलचा वास जाईपर्यंत मला गॅसही पेटवू दिला नाही, त्यामुळे बिचारा बिनचहाचा राबला. पंप मागच्या सीटखाली असतो. सीट उचलली तर खाली टॉफीचे कागदच कागद. शुगर असलेल्या माणसाने किती वर्षं माझ्या मागे हा उद्योग चालवला असेल! मी भांडायला म्हणून वळले, आणि समोर अजय. त्याने एकही कागद न टाकता सगळे गोळा करून माझ्या हातात दिले. मग टाकीवरची, पंप धरून ठेवणारी रिंग फिरेना. लाकडाचा तुकडा लावून ठोकून ठोकून निघाली. नवा पंप बसला, किल्ली फिरवली आणि सीटखालून गुणगुण आली.

तेव्हा गाडी उत्तम आहे आणि मीही. नागपूरला येण्याचा विचार मी सोडला आहे. मला न्यायला कोणाला पाठवू नका. फ्लॅटही बघू नका.

तुमची,
गिरिजा

ता.क. न्यायला नको, पण राहायला या. अस्थींचं काय करायचं ते मी आणि आर्या दोघींनी ठरवणं बरं नाही. ते तुमचे भाऊही होते. हीथ्रोला मी स्वतः गाडी घेऊन येईन.

ता.क. पत्र पाकिटात घालायच्या आधी गाडी पुन्हा बंद पडली, घराच्या कोपऱ्यावरच. अजय धावत आला. पंप ठणठणीत आहे; टाकीत पेट्रोल नव्हतं. कामासाठी त्याने काढलं होतं आणि भरायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, पेट्रोल कायम हेच भरायचे. कॅनने थोडं ओतून पेट्रोल स्टेशनला गेले. आपल्या गाडीचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेच मला ठाऊक नव्हतं. रस्त्यावर रडले नव्हते, तिथे रडले. मागे रांग लागली होती, कोणी हॉर्न वाजवला नाही.

तिकीट लवकर काढा.