रांगेत माझा नंबर आधी

मी, खाली सही करणार आहे ती, गाड्यांच्या सीटा शिवणारी बाई, वय चोपन्न, शाळा चौथीपर्यंत, नवरा वारलेला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. झोप येत नाही, पण झोप न येणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. कुणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. उलट जो तो "आत्ता कशाला? तुम्हाला काय धाड भरलीय?" असंच म्हणत होता. मला काही झालेलं नाही. तरी का लिहिते ते सांगते, म्हणजे मागाहून कुणी तर्क लढवायला नकोत.

माझी धाकटी मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवते. शर्यतीआधी तिथे प्रत्येकाकडून एका कागदावर सही घेतात. मेलो तर कुणाला दोष देणार नाही, असा कागद. पोरीने तो माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला आणि चहा पिता पिता सही ठोकली. मी म्हटलं, "वाचलास तरी का?" तर म्हणाली, "दर वेळी तोच असतो गं." दर वेळी! म्हणजे सव्वीस वर्षांची पोर उठसूट मरणाच्या कागदावर सही करते, आणि जिचे गुडघे वाजतात, जिला सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते, तिने, म्हणजे मी, अजून एकदाही केलेली नाही. हे उलटं झालं. रांगेत माझा नंबर आधी आहे. तो लावलेला कागदावर दिसावा म्हणून हे मृत्युपत्र. शर्यत उद्या आहे, म्हणून ते आज.

१. घर. दोन खोल्या, वरचा माळा आणि जिना, हे सगळं थोरल्याला, म्हणजे माझ्या मुलाला. तो पाणीखात्यात कारकून आहे, शहाणा आहे, बायकोचं ऐकतो, ते बरंच आहे. त्याने जिन्याला कठडा लावावा. त्याचा बाप जन्मात कधी गाडीच्या चाकामागे बसला नाही. त्याला गाड्यांची भीती वाटायची. सीट शिवायला गाडी दारात लागली की ब्रेक ओढलाय ना, हे दोनदा बघायचा. आणि तो गेला घरच्या जिन्यावरून पडून, दुधाचं पातेलं हातात घेऊन. तेव्हापासून मी कठड्याचं सांगते आहे आणि थोरला "बघू आई" म्हणतो. आता कायद्याच्या कागदात आलं आहे. आता बघ.

आणखी एक. "पोरगी घरात बसली असती तर सुखरूप राहिली असती" हे वाक्य या घरात कुणी बोलू नये. मलाही ते सुचतं. मी गिळते.

२. बिनहाताची लाकडी खुर्ची माझ्या नणंदेला. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा याच खुर्चीत बसून ती मला म्हणाली, "मुलीला मोकाट सोडलीस." वर म्हणाली, "जगाला गाद्या शिवता आणि घरात बसायला हे!" खुर्ची आहे तशी द्यावी. गादी लावून देऊ नये.

३. जाड शिलाईचं मशीन, सगळी दाभणं आणि दोन्ही कात्र्या मशीनवाल्या ताईंना. नवऱ्यानंतर सीटांचा कारखाना आम्ही दोघींनी ओढला. त्या बोलतात फार, पण टाका सरळ घालतात. मोठ्या कात्रीने कुणी कागद कापला तर मी जिथे असेन तिथून ओरडेन. मशीन ताईंचं झालं तरी कारखान्यातच राहावं, कारण ते उचलून न्यायला चार माणसं लागतात आणि ताईंच्या घराचा दरवाजा अरुंद आहे.

४. कारखाना. भांडण होईल ते इथे, म्हणून सविस्तर लिहिते.

कच्च्या कागदात मी असं लिहिलं होतं: "कारखाना धाकटीला, पण तिने शर्यत सोडली तरच. खेळायची एवढी हौस असेल तर एखादा खरा खेळ खेळावा." माझ्या दिरांनी ते वाचून मान डोलावली. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते. आता निवृत्त आहेत, पण शिट्टी अजून गळ्यात असते. वकीलबाईंनी मात्र कागद खाली ठेवला.

"मावशी, खरा खेळ म्हणजे काय, तेही लिहा. नाहीतर उद्या तुमची मुलं कोर्टात जाऊन त्याच्यावरच भांडतील."

दीर म्हणाले, "त्यात काय अवघड? लिहा वहिनी. ज्यात घाम येतो तो खेळ. ही नुसती बसते, पळते ती गाडी. उद्या बसच्या ड्रायव्हरलाही पदक द्याल!"

धाकटी टेबलावर पाय हलवत बसली होती. म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर सावलीत उभं राहून शिट्टी वाजवलीत. घाम आला पोरांना. मग खेळाचे मास्तर तुम्ही कसे?"

"बघा वहिनी, कशी बोलते!"

"खोटं बोलतेय का?" मी म्हटलं. घामाचं मला माहीत आहे, तिचे कपडे मी धुते. गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद कपडे, त्यावर हेल्मेट, बंद गाडी, पुढ्यात तापलेलं इंजिन. शर्यतीनंतर तिचा बनियन पिळला की बादलीत धार लागते. वळणावर डोकं एका बाजूला ओढलं जातं, ते सावरून सावरून मान अशी झाली आहे की मी तिच्या ब्लाउजांचे गळे दोनदा उसवून मोठे केले. तेव्हा घाम खोडला.

दीर म्हणाले, "बरं, मग असं लिहा. यंत्र नको. माणसाचं स्वतःचं बळ पाहिजे."

मशीनवाल्या ताईंनी मशीन थांबवलं. "मग सायकल?"

"सायकल चालेल."

"तिला चेन असते की हो. आणि घोड्यावरची शर्यत?"

"घोडा यंत्र नाही."

"मग पदक घोड्याच्या गळ्यात घालायला हवं."

यंत्रही खोडलं. दीर आता लाल झाले होते. "जिवाला धोका असेल तो खेळ नाही, तो आचरटपणा! लिहा!" वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "मुष्टियुद्ध धरायचं का वगळायचं?" दिरांचा हात नाकाकडे गेला. तरुणपणी ते मुष्टियुद्ध खेळायचे. त्यांचं नाक अजूनही डावीकडे बघतं.

मला घाम, चेन, घोडा कशाशीच देणंघेणं नव्हतं. माझ्या पोटात नुसता गोळा होता. त्यात दीर आणि मी एकाच बाजूला आलो होतो, आणि लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालेलं नव्हतं, त्यामुळे आपलं काहीतरी चुकतंय असंही वाटत होतं. शेवटी मी टेबलावर थाप मारली.

"लिहा वकीलबाई. ज्यात हरलेला माणूस संध्याकाळी जेवायला घरी येतो, तो खेळ. ज्यात येईलच असं नाही, तो खेळ नाही. संपलं."

वकीलबाईंनी लिहूनही घेतलं. मग धाकटी म्हणाली, "आई, मग माझा खेळ एकदम खरा आहे. मी दर वेळी हरते आणि दर वेळी घरी येऊन जेवते."

"आणि चार घास जास्तच," ताई म्हणाल्या.

मी मापाची टेप फेकून मारली. ती तिने झेलली. मी म्हटलं, "आजपर्यंत आलीस."

"आजपर्यंतचंच लिहिता येतं गं. पुढचं काकांचंही लिहिता येणार नाही." हे ती हसत बोलली नाही. टेप गुंडाळत बोलली.

यावर उत्तर मी रात्रभर शोधलं, तरी सापडलं नाही. सबब कारखाना, त्याची जागा, कापायचं टेबल, शिल्लक फोम आणि रेग्झीन, दारावरची पाटी आणि गिऱ्हाइकं, हे सगळं धाकटीला, कुठलीही अट न घालता. तिने कारखाना चालवून शर्यत करावी, की शर्यत करून कारखाना चालवावा, हे तिचं ती बघेल. शर्यत हा खेळ आहे का, याबद्दल माझं मत कोर्टाला हवं असेल तर: कपड्यांवरून पाहिलं तर आहे, पोटातल्या गोळ्यावरून पाहिलं तर नाही. काय ते कोर्टाने ठरवावं.

५. माझ्या दिरांना, शर्यतीनंतरचा धाकटीचा एक बनियन, न धुता, पिशवीत घालून. त्यांना घाम पाहिजे होता.

६. हे कलम देण्याघेण्याचं नाही, बजावण्याचं आहे.

मागच्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि धुळीत शिरल्या. धूळ बसली तेव्हा दोघंजण बाहेर आलेली होती. सारखेच कपडे, सारखंच हेल्मेट. मी कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभी, आणि मला माझी पोर ओळखू येईना. त्यांतलं एक उभं राहिलं, एक खाली बसलं आणि मग आडवं झालं. आडवं झालंय ते आपलं नसू दे, एवढंच मी मागत होते. ते नव्हतं. ते दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू होतं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचा नुसता हात मोडला होता, हे नंतर कळलं. आधी कळलं नव्हतं, तरी सुटल्यासारखं वाटलंच.

घरी येऊन मी तिच्या कपड्यांच्या दोन्ही खांद्यांवर पिवळ्या रेग्झीनचे तुकडे शिवले, लांबून दिसावेत म्हणून. दुहेरी टाका घातला. काल उद्याच्या शर्यतीची तपासणी होती. तपासणीवाल्याने ते तुकडे पाहिले, मला बाजूला बोलावलं, माझ्याकडचा उरलेला तुकडा मागून घेतला आणि त्याला काडी लावली. तुकडा भडकला आणि वितळून थेंब थेंब गळायला लागला.

"बाई, हे कपडे आगीत टिकायला केलेले असतात. त्यावर तुम्ही हे शिवलंत?"

तीस वर्षं रेग्झीन शिवते आहे. ते जळतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मला ती दिसायला हवी होती.

धाकटी मला काही बोलली नाही. तपासणीवाल्यालाच म्हणाली, "काका, आईच आहे ती. उसवून आणते." तुकडे मी काल उसवले, दोऱ्याचा कण न् कण चिमट्याने काढला. कपडे आज दुपारी पुन्हा दाखवायचे आहेत. तर बजावणं असं की, माझ्या हातचं काहीही धाकटीने तपासून घेतल्याशिवाय अंगावर घालून शर्यतीला बसू नये. मी कितीही रडले तरी.

७. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात आणखी एक ओळ लागते. "माझी मुलगी माझ्या हयातीत मयत झाल्यास सदर कारखाना अमुक यांना मिळावा." बाकीचं त्यांनी मला सांगितलं आणि मी लिहीत गेले. ही ओळ त्यांनी दोनदा सांगितली, पण मी ती लिहिली नाही. मी म्हटलं, ही नको, वगळा. त्या म्हणाल्या, "मावशी, वगळली तर पुढे घोळ होतो. सगळ्यांच्याच कागदात असते ही. तुमच्यासाठी मुद्दाम काढलेली नाही." मग त्या चहाला गेल्या.

मी सकाळपासून या ओळीपाशी बसले आहे. आत्ता धाकटी कपड्यांची पिशवी घेऊन आत आली. "आई, आवर ना, तपासणी बंद होईल." माझ्या खांद्यावरून वाकून तिने वाचलं. मी हाताने झाकायला गेले, तिने हात बाजूला केला.

"एवढंच ना? दादाचं नाव घाल."

"तुझ्या जिभेला काही हाड!"

"अगं, त्यात काय? दादालाच जाणार ना. पण त्याला सांग, ताईंना काढायचं नाही. आणि मशीनला तेल घालत जा म्हणावं, तो विसरतो." भाजीत मीठ किती घालायचं, ते सांगावं तसं सांगितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हात घामेजलेला होता, ब्लाउजातून कळत होतं. म्हणजे तीही घाबरते. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

ती उभी असताना मी लिहिलं: माझी मुलगी माझ्या हयातीत मयत झाल्यास सदर कारखाना माझ्या मुलाला मिळावा. ताईंना काढू नये. मशीनला तेल घालावं.

या ओळीतलं अक्षर वेडंवाकडं आहे, पण ते माझंच आहे. कुणी शंका घेऊ नये.

आणि याच कलमात पुढे लिहिते: वरची ओळ कधीही अमलात येऊ नये, अशी मृत्युपत्र करणारीची इच्छा आहे. ही इच्छा कायद्यात बसत नसेल तर वगळावी. पण वाचून मग वगळावी.

सही: सीटवाली

साक्षीदार: मशीनवाल्या ताईंना व्हायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. म्हणून मी ज्यांना काहीच देत नाही असे दोघे शोधले. दोघांनी फारसं वाईट वाटून घेतलं नाही.

१. शेजारचा किल्ल्या बनवणारा (सही)
२. समोरच्या इस्त्रीवाल्या काकू (अंगठा, सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, सातवं कलम धाकटीने वाचलं)

स्थळ: कारखान्याची मागची खोली, कापायचं टेबल
दिनांक: शर्यतीचा आदला दिवस, शनिवार, दुपार, तारीख वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे