पाठीतलं नितळ पाणी

कंपाला

आई,

आधी हे वाच, मग रड. मी जिवंत आहे, औषध सुरू आहे आणि डोकं ठणकायचं थांबलंय. पाठीत सुई घातली की माणूस मरतो, असं सांगून लुबोवादादाने तुला घाबरवलं होतं ना? त्याला सांग, मेलो नाही.

सुईतून मणक्यातलं पाणी निघालं, झऱ्यासारखं नितळ. मी खूश झालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खूश कसला होतोस? बुरशी मेंदूपाशी पोचलीय, तिच्याशी लढायला धावणाऱ्या पेशींच्या गर्दीने हे पाणी आतापर्यंत गढूळ व्हायला हवं होतं. एचआयव्हीने तुझ्या रक्तातले लढणारेच संपवलेत. मदतीला कुणी आलंच नाही."

मी म्हटलं, "बाई, माझं रक्तसुद्धा घरच्यांच्याच वळणावर गेलंय."

इथे आजाऱ्याचं सगळं घरच्या माणसाने करायचं असतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको, नाबोसा, नवऱ्याच्या मटोकेतले चार घास मलाही भरवते.

तुझे गुडघे कसे आहेत? तू येऊ नकोस.

माझं प्रेत न्यायला दादा गाडीभर माणसं घेऊन येईलच. त्याला म्हणावं, त्यातलं एक आत्ता पाठव.

तुझा,
मुकालाझी