माझ्या छातीत पंढरीचा ताईत

रेणापूर,
ता. ७ मे १९८६, बुधवार

आदरणीय मारोतीराव दाजी आणि आमची भामाक्का यांना,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा, रामकिशनचा, घरादारासह सप्रेम जयभीम. दाजी, तुमचा गुडघा कसा आहे? अक्काच्या डोळ्याला आता दिसतं की अजून अंदाजानंच भाकरी थापून राहिली? तुमच्या इस्लापूरकडं नदीला थोडं तरी पाणी आहे असं ऐकतो, आमच्याकडं पाणी या विषयावर फक्त बोलणं चालू आहे. इकडची खुशाली म्हणाल तर मी जिवंत आहे. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण कुसुमच्या लग्नाच्या पत्रिकेखाली तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘तब्येतीला जपावे, दगदग करून येऊ नये.’ सख्ख्या भाचीच्या लग्नात मामाला येऊ नका म्हणणारी पत्रिका अख्ख्या मराठवाड्यात मलाच आली असेल. (कागदाच्या डोक्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलंय, ते मी खोडलंय. नवा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी शाळेतला जुना कागद संपता संपेना.)

मला राग नाही. खोटं कशाला बोलू, राग आहे, आणि लई आहे. पण तो तुमच्यावर किती आणि दुसऱ्या कुणावर किती, ते पत्र संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल. आधी एक गोष्ट ठळक लिहितो, अक्काला मोठ्यानं वाचून दाखवा. मला क्षय नाही. नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तसं तोंडानं सांगितलं. कागदावर मात्र मला क्षय झाला होता आणि तो बरा झाला, आणि तो कागद आता कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

झालं असं. दिवाळीनंतर मला खोकला लागला. आमच्या शाळेच्या पटांगणात फुफाटा एवढा की पोरं प्रार्थनेला उभी राहिली तर मागची रांग दिसत नाही, त्यामुळं खोकला नाही असा मास्तर शोधून सापडायचा नाही. पण घरी चांगुणा दवाखान्यात जा म्हणून माझ्या मागंच लागली. त्यात लातूरला एक्स-रेची गाडी येणार, फुकट फोटो काढणार, अशी दवंडी झाली. गेलो. मोकळ्या माळावर ती गाडी उभी, सावली म्हणून शंभर पावलांवर एक लिंबाचं झाड, आणि माणूस ही गर्दी. आता दाजी, गेली दोन सालं आमच्याकडच्या माणसाला एकच रांग ठाऊक आहे, टँकरची. तिथं बाया घागरी लावतात, घागर नसली तर दगड ठेवतात, आणि दगडालाही घागरीचा मान असतो. दगड हलवला तर डोकी फुटतात. तोच कायदा लोकांनी दवाखान्याला लावला. प्रत्येकानं आपला केसपेपर जमिनीवर ठेवला, वर दगड ठेवला, आणि जाऊन लिंबाखाली बसला. उन्हात कागदांची रांग आणि सावलीत माणसांचा घोळका. गाडीवरच्या शिपायालाही ते बरं वाटलं. तो आला, रांगेतले कागद एकावर एक उचलले, त्याच क्रमानं त्यांच्यावर एक, दोन, तीन असे आकडे टाकले आणि आत नेले. मग दारातून नुसतं ओरडायचा, एक या, दोन या. नाव विचारायची गरजच नाही. फोटोच्या काचेवरही तोच आकडा.

माझ्यापुढं पंढरी नावाचा माणूस होता. इथनं तीन कोसांवरच्या वाडीचा, हाडाचा सापळा, गळ्यात तांब्याचा ताईत, आणि खोकला असा की आपल्याच बरगड्या दुखाव्यात. शिपायानं ताईत काढ म्हणून सांगितलं तर म्हणाला, आईनं बांधलाय, मेल्यावर काढा. असो. तर शिपाई कागद उचलायच्या आधी एक वावटळ आली, दगड हलके होते, काही कागद उडाले. लिहिता-वाचता येणारा मीच, म्हणून मी ते गोळा करून पुन्हा दगडाखाली सारले. त्यात माझा कागद चौथ्या दगडाखाली गेला आणि पंढरीचा पाचव्या. माणसं आत गेली ती सकाळच्या नंबरानं, पंढरी चौथा, मी पाचवा. म्हणजे माझी छाती पंढरीच्या कागदाला लागली आणि पंढरीची माझ्या. वाऱ्याची करणी, दुसरं काय.

दहा दिवसांनी मला बोलावणं आलं. दोन्ही फुप्फुसांत क्षय. बेडक्याची तपासणी चांगली आली तर म्हणाले, बेडका कधीकधी फसवतो, फोटो फसवत नाही. मग रोज एक सुई. दाजी, साठ सुया. शेवटी शेवटी बसायला जागा उरली नव्हती, मी पोरांना भागाकार उभ्यानं शिकवला. कानात रात्रंदिवस किर्र आवाज. (डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो राहील. हा असा राहिलाय.) पोरांचे बाप शाळेत येऊन हेडमास्तरांना सांगून गेले, मास्तरला सुट्टी द्या नाहीतर आमची पोरं घरी नेतो. साठ दिवसांची रजा झाली. घरी चांगुणानं माझं अंथरूण गोठ्यात नेलं. बैल छावणीवर गेलेला, म्हणून जागा होती, नाहीतर मी आणि बैल असा संसार झाला असता.

आणि कप. हे मी हसत लिहिणार होतो, पण जमत नाही. आपल्या आज्याला गावच्या हॉटेलात आत बसू देत नव्हते, बाहेर खिळ्याला टांगलेल्या कपात वरून चहा ओतायचे, हे अक्कानंच मला लहानपणी सांगितलंय. दीक्षा घेतली, शाळा शिकलो, मास्तर झालो, आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोनं, माझ्या नावाचा कप बाहेरच्या खिळ्याला टांगला. तिची काय चूक? तिला दवाखान्यातून सांगितलं होतं, लेकरं सांभाळा. तिनं सांभाळली. मी त्या दिवशी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला.

गेल्या महिन्यात कामावर हजर व्हायला दाखला पाहिजे म्हणून दवाखान्यात गेलो, तर नव्या डॉक्टरीणबाई. तरुण आहेत, अजून कागद वाचतात. त्यांनी नवा फोटो काढला, जुना शेजारी धरला, आणि मला म्हणाल्या, गुरुजी, तुमचा ताईत कुठाय? मी म्हणालो, बाई, आम्ही बौद्ध, आमच्यात ताईत नसतो. त्यांनी जुन्या काचेवर बोट ठेवलं. बरगड्यांच्या मधोमध एवढासा पांढरा ठिपका, त्याला दोन बारीक कड्या. दाजी, माझ्या छातीत पंढरीचा ताईत होता. मी बाईंना पंढरीचं नाव-गाव सांगितलं.

मग दुरुस्तीसाठी मी दप्तरातल्या बापूसाहेबांकडं गेलो. माणूस गोड, मला चहा पाजला (काचेच्या ग्लासात, सगळ्यांच्याबरोबर), पण रजिस्टर उघडून दाखवलं. नवा जिल्हा, नवं रजिस्टर, पहिल्याच पानांवर खाडाखोड चालायची नाही. शिवाय, म्हणाले, तुम्ही आमच्याकडचे बरे झालेले पेशंट आहात, मोजक्यांपैकी एक, वर आकडा कळवलेला आहे, आता तुम्ही आजारीच नव्हता असं करायचं तर आकडा खाली येतो. आणि तुम्हाला क्षय नव्हता असं लिहिलं तर तुमची साठ दिवसांची रजा खोटी ठरेल, त्याची चौकशी तुमची तुम्ही भोगा. त्यातून दुरुस्ती करायचीच असली तर दोन्ही पेशंट आपापले कागद घेऊन समोर उभे पाहिजेत. एकट्याच्या सांगण्यावरून कुणाचा रोग कुणाच्या नावावर चढवता येत नाही. मी म्हणालो, चढवता तर आला होता. त्यांनी रजिस्टर मिटलं.

तर असं आहे. मी धडधाकट आहे, कुसुमला आणि जावईबापूंना माझा आशीर्वाद कळवा आणि पुढच्या कार्याला मला बोलवा. मीच आलो असतो, पण उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी आम्हा मास्तरांना टँकरच्या खेपा लिहायला बसवलंय, हलता येत नाही. चांगुणाचा तुम्हा दोघांना जयभीम. लेकरांना गोड पापा.

तुमचा,
रामकिशन हनवते

ता. क. : लिहायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, पाच पानं त्याच्याच भोवती फिरून राहिलो. मी पंढरीच्या वाडीवर जाऊन आलो. घराला कुलूप. शेजारच्या सरजाबाईनं सांगितलं, संक्रांतीच्या आधीच बायको-लेकरं घेऊन गेला, तिच्या माहेराकडं, इस्लापूरच्या बाजूला तळ्याचं काम निघालंय तिथं खडी फोडायला. मी विचारलं, एवढा खोकला असताना कसा गेला? म्हणाली, “कागदावर लिवलंय की, छातीत काय न्हाई म्हून. डाक्टरच म्हन्ला जा कामावर. मंग घरी बसून काय करावं?” दाजी, त्या तळ्याची हजेरी तुम्ही लिहिता. पंढरी, वय तीस-बत्तीस, बायको नागुबाई, दोन लहान पोरी. त्याला कामावरून उठवा आणि नांदेडला दवाखान्यात न्या. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिलीय आणि ती जुनी काचही सोबत दिलीय. पोरींनाही तपासायला सांगा, ते सगळे एकाच पालात झोपत असतील. हजेरीपटावर नागुबाईचं एकटीचंच नाव दिसलं तर काय करायचं ते मला सुचत नाही.

ता. क. दुसरा : हा भाग अक्काला वाचून दाखवू नका. वावटळ आली नव्हती. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं. मला साडेबाराची एसटी गाठायची होती आणि माझा नंबर पाचवा होता. पंढरी खोकत खोकत लिंबाच्या पलीकडं जाऊन बसला होता. मी पाणी प्यायला गेल्यासारखा गेलो, खाली वाकलो, आणि त्याचा कागद माझ्या दगडाखाली आणि माझा त्याच्या दगडाखाली सारला. टँकरच्या रांगेत कुणी असं केलं असतं तर मीच त्याच्या अंगावर गेलो असतो. कुणी बघितलं नाही. मग शिपाई ‘चार’ म्हणून ओरडला तर पंढरी उठला. त्याला आकडे येत नव्हते, पण आपण कुणाच्या मागं आहोत ते ठाऊक होतं. मला उठून सांगायला तोंड नव्हतं, म्हणून बसून राहिलो. नंबर त्याचा त्यालाच मिळाला, एसटीही माझी चुकलीच. डॉक्टरीणबाईंना मी वाऱ्याचंच सांगितलंय. चांगुणालाही. पाच महिने मी घरच्यांवर, तुमच्यावर, दवाखान्यावर चिडून घेतलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून मला माझंच तोंड बघवत नाही. टँकरच्या खेपांचंही खोटं आहे. ते काम निवृत्ती मास्तरांकडं आहे, मला पुरी सुट्टी आहे. मी येत नाही, कारण त्या माणसासमोर उभं राहायची मला भीती वाटते.

ता. क. तिसरा, गुरुवार, एसटीत लिहिला, अक्षर हलतंय : काल पत्र पेटीत टाकायला गेलो होतो. पोस्टमन म्हणाला, किनवटकडं जायला चार-पाच दिवस धरा. तो कामावर असेल तर हे चार-पाच दिवस तो खडीच फोडत राहणार. म्हणून टाकलं नाही. दाजी, हे पत्र तुमच्या हातात मीच दिलंय, कारण तोंडानं मला हे सांगता आलं नसतं. तुम्ही वाचेपर्यंत मी बाहेर ओट्यावर बसलो असेन. अक्काला म्हणावं चहा टाकू नको. वाचून झालं असेल तर चप्पल घाला आणि मला पंढरीच्या पालाकडं घेऊन चला.