आखूड राहिलेला स्वर

ता. ३ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. साठी उलटून पाच वर्षं झाली, आता देवानेसुद्धा तुला रजा मंजूर केली असेल, हे वाचून एकटीच हसले. मिशनचंही तेच म्हणणं आहे. ऑगस्टअखेर दवाखाना नव्या नर्सबाईंच्या हाती सोपवायचा. पुढे मिशनच्या वृद्धाश्रमात एक खोली, नाहीतर तुझं घर.

आधी माझी फजिती ऐक. इथल्या भाषेतलं आमचं प्रार्थनेचं पुस्तक छापायला दिलं होतं. छापखान्यातले मास्तर मुद्रितं घेऊन आले आणि चाचरत विचारू लागले की बाई, हे असंच ठेवायचं का? ‘क्षमा कर’ म्हणून जो शब्द मी एकतीस वर्षं शिकवत आले, त्यातला एक स्वर माझ्याकडून आखूड राहिला होता. तसा म्हटला की त्याचा अर्थ होतो, चुलीवरून भांडं उतरव! म्हणजे इतकी वर्षं दवाखान्याच्या बाकांवर बसून बाया देवाला सांगताहेत की आमचे अपराध चुलीवरून उतरव, आम्हीही दुसऱ्यांचे उतरवले आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्यातल्या इथल्याच सुईणीला जाब विचारला की एकीनेही मला सांगू नये? ती म्हणाली, चूक आहे असं कुणाला वाटलंच नाही. राग चुलीवर राहिला की घरच करपतं, हे का बायांना शिकवायला हवं? आता मास्तर माझ्या निर्णयासाठी थांबलेत.

तुझ्याकडे यायला पाऊल का उचलत नाही, ते तुला ठाऊक आहे. आईच्या मर्जीविरुद्ध मी निघाले. ती गेल्यावर तू लिहिलंस की तिने शेवटपर्यंत माझं नाव काढलं नाही. त्या एका गोष्टीसाठी रोज देवापुढे बसते आणि रोज तशीच उठते. तिच्या खोलीत जाऊन निजायचा धीर अजून होत नाही.

गुडघ्यांना शेक देत जा. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी धाकटी

ता. २० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा पोट धरून हसले. देवाला स्वयंपाकाला लावलंस, शाब्बास! तिसऱ्यांदा वाचलं आणि बटणांचा डबा काढला.

त्या डब्यातला कागद सोबत ठेवला आहे. तारेचा फॉर्म आहे, अक्षर माझं. ‘आई तुझी वाट पाहते. ताबडतोब निघ.’ लिहिला, पण पाठवला नाही. आईने तुझं नाव काढलं होतं. दिवसातून दहादा काढायची. औषध मी द्यायची, कूस मी बदलायची, आणि डोळे दाराकडे, तुझ्यासाठी. मला वाटलं, निदान हे थोडे दिवस तरी मी एकटीच तिची मुलगी असावी. तू चार दिवसांत पोचली असतीस. हा फॉर्म लिहिल्यावर आई अकरा दिवस होती.

पुढे ते खोटं लिहिलं, कारण खरं लिहायची लाज वाटली. सदतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून जगाच्या तारा वेळेवर पाठवल्या, घरची तेवढी राहिली. देवळात तुझं ते क्षमेचं वाक्य मी दर रविवारी म्हणते, अगदी शुद्ध उच्चारात. घशाखाली ते कधी उतरलं नाही.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

ताई

ता. ९ जुलै (कार्ड)

चि. धाकटीस, अ. उ. आ. पत्र मिळालं नसेल असं म्हणून पोस्टाला दोष देणार नाही. पलंग खिडकीशी सरकवला आहे. तू वृद्धाश्रमात गेलीस तरी तो तिथेच राहील. ताई

ता. १४ जुलै

ती. ताईस,
सलाम.

फॉर्म मिळाला. भयंकर राग आला. इतका की इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवून मी खिडकीशी उभी राहिले आणि भांडं कोरडं पडलं. नर्सबाईंनी धावत येऊन ते उतरवलं. सुया वाया गेल्या, आणि नव्या बाईंसमोर शोभा झाली ती वेगळीच.

तीन दिवस प्रार्थनेत त्या ओळीला माझा आवाजच फुटेना. बायांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याच चुकीच्या उच्चारात ओळ पुढे नेली. चौथ्या दिवशी मी त्यांच्यामागून म्हटली. पहिल्यांदाच मी त्यांच्यामागून म्हणत होते.

ताई, आईने माझं नाव काढलं होतं! दिवसातून दहादा! काम करता करता मध्येच हे आठवतं आणि रडू येतं, पण ते बरं वाटणारं रडू आहे. हे मला तुझ्याशिवाय कोण सांगणार होतं?

मास्तरांना निरोप धाडला की शब्द आहे तसाच छापा.

दोन सप्टेंबरच्या गाडीने निघते. तशी तार करणार नाही, तारांच्या बाबतीत आपल्या घराण्याचा लौकिक बरा नाही. भांडं उतरवलं आहे, पण अजून गरम आहे. निवायला वेळ लागेल. तेवढा वेळ तुझ्या घरी बसेन म्हणते.

लोभ आहे. उरलेला रागही सामानात घेऊन येते, जागा ठेव.

तुझी धाकटी