ज्याचा त्याचा सुप्त गुण

सोमवार, ३ फेब्रुवारी

म्हणे सुप्त गुण! आमचे शाखाधिकारी व्यंकटराव सरांनी आज आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं — महाशिवरात्रीच्या आधी पतसंस्थेच्या औंढा शाखेचं रूप पालटायचं. चेअरमन येणार. रंगारी-गवंडी बाहेरून आणायचा नाही! "आपल्याच माणसांत काय काय दडलंय ते बघू." आम्ही टाळ्या पण वाजवल्या.

मी लगेच म्हटलं, सर, मला चित्र येतं, समोरची भिंत मी करते. "बघू, बघू."

खोलीवर येताच पुसेगावला अप्पांना फोन लावला. चित्र काढणार म्हटल्यावर केवढे खूश झाले! एवढी घाई कशाला केली मी?

बुधवार, ५ फेब्रुवारी

कामं वाटली. भिंतीवरचं चित्र कर्जाच्या टेबलावरच्या मोहिनीकडं — "तुमच्या ब्राह्मणाच्या घरात कला असणारच." तिनं शाळा सुटल्यापासून ब्रश धरलेला नाही. नामाजी आमचे वॉचमन, धनगर. त्यांना म्हणाले, "तुमी घोंगडी विणा, भिंतीला लावू." नामाजी माझ्या कानाशी — "म्या कवा विणली? आमी तर बाजारातून इकत आणतो!" मला हसू आलं.

मग माझी पाळी. "दीक्षाताई, तुमी संडास-बाथरूमचं बघा. तुमच्या लोकांना ते बराबर जमतं."

कुणी हसलं नाही. मी एम.कॉम. झालेली, काउंटरवर बसणारी — आणि मी "बरं सर" म्हटलं! मार्चमध्ये मला कायम करायचं की नाही, ते सरच ठरवणार आहेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

घासलं. ॲसिडनं बोटं सोलली. भाकरीचा घास तोंडापर्यंत नेववत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

अप्पांचा फोन. "चित्र कुठवर आलं? कशाचं काढून राहिली?" तोंडाला आलं ते सांगितलं — मोराचं. मोर मोहिनी काढतेय! कोंबडीसारखा दिसतो. बिचारी काल म्हणाली, "मान तूच काढून दे ना गं." सर समोर होते. मी हात लावला नाही.

आजोबांनी गावकीची झाडलोटीची, मेलेली ढोरं ओढायची कामं सोडली, तेव्हा गावानं त्यांना मजुरीलाही बोलावणं बंद केलं. अप्पा त्या उपासात वाढले. दुसऱ्याच्या दारात झाडू धरायचा नाही, ही त्यांची जन्माची आण. मला शिकवलं ते त्यासाठीच. आणि मी काय करतेय? रोज दार लावून घेते आणि रडते. मग फरशी घासते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नामाजींनी हिंगोलीच्या बाजारातून घोंगडी आणली आणि स्वतः विणली म्हणून सांगितलं! सर कौतुकानं म्हणाले, "बघा, रक्तातच असतं." सगळे हसू दाबत होते. नामाजींना निदान विकत आणून सुटता आलं. मी काय विकत आणू?

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज माझ्या काउंटरवर मोहिनी. सर मला म्हणाले, "उद्घाटनापर्यंत तुमी मागंच थांबा, पाव्हण्यांना स्वच्छ दिसलं पाहिजे." सरांना मला संडासाशी बघायची सवय झाली. मलाही होत चाललीय, याची जास्त भीती वाटते. उद्घाटनानंतर खुर्ची परत मिळेल असं आता वाटत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अप्पा शुक्रवारी उद्घाटनाला येतायत. मोर बघायला! नको म्हटलं, गर्दी असेल. "काहून? माझ्या लेकराचं काम हाय. म्या येणारच." पांढरा सदरा इस्त्रीला दिलाय म्हणे. धरणीनं पोटात घ्यावं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी स्टँडवरच गाठून खरं सांगायचं ठरवलंय. पण कोणत्या तोंडानं?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अप्पा पहिल्याच गाडीनं येऊन थेट शाखेत बसले होते. सांगायचं राहून गेलं. हार-तुरे झाले आणि सर भर हॉलमध्ये ओरडले, "दीक्षा, साहेबांना आत जायचंय, बादली मार!"

मी बादली उचलली. अप्पा उठले. माझ्या हातातून बादली घेतली. वाटलं, आता फेकणार! ते आत गेले. पाण्याचा आवाज, मग झाडूचा. ओल्या बाह्यांनी बाहेर आले आणि चेअरमनना म्हणाले, "झालं साफ. ह्यासाठीच ठिवली असंल तर म्या येत जाईन रोज. पोरीला तिच्या जागेवर बसू द्या."

मोहिनी माझ्या खुर्चीवरून उठली.